लिडनांचं काचघर

१

सर अँब्रोज लिडन यांचं काचघर कुणीतरी फोडल्याची बातमी सांगायला खुद्द सार्जंट हॉबडे माझ्या वर्गात आले, आणि येताना माझा उजव्या हाताचा मोजा घेऊन आले.

शुक्रवारची सकाळ होती. पोरं एका सुरात पाढे म्हणत होती. सार्जंटांनी दारातच टोपी काढली, खाकरले, आणि तो करड्या लोकरीचा मोजा मेल्या उंदरासारखा दोन बोटांत धरून वर केला.

"मिस ब्रॅमवेल, हा तुमचाच का?"

"अय्या, माझाच की! मंगळवारपासून शोधतेय. कुठं मिळाला?"

"काचघरात. फुटक्या काचांच्या ढिगात."

पाढे थांबले. एवढ्या पोरांसमोर मी माझ्याच गळ्यात फास अडकवून घेतला होता.

सगळं कळायला थोडा वेळ लागला. आदल्या रात्री लिडन हाउसच्या काचघराच्या झाडून साऱ्या काचा फुटल्या होत्या. आतली ऑर्किडं, ज्यांना बघायला लंडनहून माणसं यायची, ती काळी पडून मेली होती. मधल्या कुंडीला एक पुठ्ठा बांधलेला होता, 'स्त्रियांना मत द्या', आणि त्याला जांभळी-पांढरी-हिरवी फीत. वर माझा मोजा, आत माझी 'एच. बी.' ही अक्षरं विणलेली. शिवाय घरातल्या कुणीतरी एक बाई हिरवळीवरून पळताना पाहिली होती.

तो १९१२ सालचा मार्च होता. त्याच महिन्यात लंडनच्या मोठमोठ्या दुकानांच्या काचा बायकांनी हातोड्यांनी फोडल्या होत्या आणि तुरुंग भरले होते. देशभर खाणकामगारांचा संप चालू होता, त्यामुळे कोळसा मिळणं मुश्कील. आणि आमच्या एल्डरफर्डला लागली होती पोटनिवडणूक. सर अँब्रोज उमेदवार.

सोमवारी त्यांच्या सभेत मी उठून बोलले होते. आधी ठरवलं नव्हतं. दिवसभर निळ्या ओठांच्या पोरांना शिकवून आले होते, त्यांना शिसपेन्सिल धरवत नव्हती, एवढंच. मी म्हटलं, "सर अँब्रोज, आमची पोरं वर्गात कुडकुडत बसतात, आणि तुमच्या फुलांना मात्र रात्रंदिवस ऊब. त्या फुलांना तरी मत आहे का हो?"

सभा खो खो हसली. सर अँब्रोज लालबुंद झाले. त्यांच्या शेजारी बसलेल्या लेडी लिडन मात्र हसल्याही नाहीत आणि रागावल्याही नाहीत. नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या.

खरं सांगते, आयुष्यात मी कुणाच्या खिडकीवर साधा खडा मारलेला नाही. आमची संस्था अर्ज करणारी, मिरवणुका काढणारी. काचा फोडणाऱ्या वेगळ्या. पण सार्जंट हॉबडेंच्या लेखी आम्ही सगळ्या एकाच माळेचे मणी होतो.

"सोमवारी मॅजिस्ट्रेटांपुढं हजर व्हायचं," ते म्हणाले. "तोवर गाव सोडायचं नाही." मग जरा ओशाळून शेगडीपाशी गेले आणि हात शेकायला लागले. "तुमच्याकडे बाकी कोळसा आहे बरं का! माझ्या घरी चहाला पाणी तापत नाही."

"बुधवारी सकाळी कुणीतरी आवारात गाडीभर टाकून गेलं," मी म्हटलं. "पाद्रीसाहेबांना वाटतं, रेल्वेवाल्यांनी दिला असेल."

ज्यानं दिला त्याला पोरांनी रोजच्या प्रार्थनेत दुवा दिला होता. आमच्या नेहमीच्या काळ्याभोर कोळशासारखा नव्हता तो. करडा, हलका, जाळीदार. पण ऊब काय छान द्यायचा!

दुपारी पाद्रीसाहेब आले. शाळेच्या पंचमंडळाचे ते प्रमुख. माझ्या नजरेला नजर न देता म्हणाले, "हिल्डा, तू आता घरी जावंस हे बरं. निकाल लागेपर्यंत." निकाल म्हणजे तुरुंग आणि सक्तमजुरी, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. तुरुंगातून सुटलेल्या बाईला कुठली शाळा ठेवून घेणार?

मी घरी जाऊन कोटासकट खुर्चीत बसून राहिले. तेवढ्यात दारावर काठी आपटली. दारात उभ्या होत्या मिस होनोरिया लिडन: सर अँब्रोज यांच्या थोरल्या बहीण, आणि स्त्रियांना मत मिळू नये म्हणून झटणाऱ्या आमच्या गावच्या मंडळाच्या अध्यक्षा.

"रडत असशील तर आवर," त्या म्हणाल्या. "हे तू केलेलं नाहीस. आणि मी ते सिद्ध करू शकते."

२

मिस होनोरिया साठीच्या पुढच्या, ताडासारख्या उंच. भावाच्या बागेच्या टोकाला एका छोट्या घरात एकट्या राहायच्या. गावच्या दिवाणखान्यांत आमचे कित्येक वाद झाले होते. एकदा त्या मला म्हणाल्या होत्या, "हिल्डा ब्रॅमवेल, तुझी बुद्धी चांगली आहे, म्हणून तर तिची नासाडी बघवत नाही." आणि आता त्या माझ्या स्वयंपाकघरात बसून माझा पाव खात होत्या.

"काल रात्री हवा कशी होती?" त्यांनी विचारलं.

"पावसाची. दुपारपासूनच सगळं वितळायला लागलं होतं."

"आणि परवा, बुधवारी रात्री?"

"बापरे, कडाक्याचं हिव. सकाळी तळं गोठलं होतं. पोरं घसरगुंडी खेळत होती."

"मग मला सांग, काल रात्री काच फुटून आत शिरला तो पश्चिमेचा ओला, कोमट वारा. त्यानं ऑर्किडं गारठून काळी कशी पडली?"

मी पावाची सुरी खाली ठेवली.

"नाही ना पडत? मी आज सकाळी जाऊन बघितली ती. ती मेली बुधवारी रात्री. काचा फुटल्या गुरुवारी रात्री. मेलेल्या फुलांचा खून कुणी करतं का? करतं ते एकाच कारणासाठी. ती आधीच मेलेली होती हे झाकायला."

"मग सार्जंटना सांगा ना!"

"सांगितलं. तो म्हणतो, 'बाईसाहेब, हवा येते नि जाते, मोजा तो मोजा.' बरं, त्या मोज्याचं बोल. कुठं हरवलास?"

मी आठवून सांगितलं. मंगळवारी आमच्या मागणीचा अर्ज घेऊन मी लिडन हाउसला गेले होते. सोमवारच्या लेडी लिडनांच्या नजरेनं मला धीर आला होता. दिवाणखान्याबाहेरच्या दालनात त्या स्वतः भेटल्या. लेखणी त्यांच्या हातात द्यायला मी उजवा मोजा काढला. त्यांनी लेखणी घेतली, कागदावर टेकवलीसुद्धा. इतक्यात अभ्यासिकेचं दार उघडलं आणि सर अँब्रोजचे निवडणूक एजंट मिस्टर स्ट्राउड बाहेर आले. लेडी लिडननी लेखणी पटकन खाली ठेवली. मी गडबडीत निघाले ती मोजा तिथंच विसरून. रस्त्यात हात गारठला तेव्हा लक्षात आलं, पण कुठं राहिला ते काही आठवेना.

"म्हणजे मंगळवारपासून तो मोजा माझ्या भावाच्या घरात होता."

"बाई, तुम्ही हे माझ्यासाठी का करताय?"

"तुझ्यासाठी?" त्या फणकारल्या. "गैरसमज नको. बायकांच्या हाती मत देऊ नये असंच माझं ठाम मत आहे. पण माझ्या मताला उभं राहायला खोट्याच्या कुबड्या लागणार असतील, तर ते पडलेलं बरं."

त्या उठल्या. कोटाची बटणं त्यांनी एक घर चुकवून लावली, मग पुन्हा सोडली.

"कळतंय ना तुला? बाहेरच्या कुणाकडे तो मोजा असूच शकत नाही. ज्यानं हे केलं, तो माझ्याच माणसांपैकी आहे."

३

शनिवारी सकाळी आम्ही काचघरात गेलो. दारात मुख्य माळी मॅक्रे उभा होता. स्कॉटलंडचा माणूस, शब्द सुद्धा मोजूनमापून वापरणारा. माझ्याकडे बघून त्यानं मान खाली घातली. मला वाटलं, रागानं.

मिस होनोरियांनी काठीच्या टोकानं जमिनीवरचा एक काचेचा तुकडा उलटा केला. खाली तपकिरी झालेली पाकळी चिकटलेली होती. दुसरा तुकडा उलटला. त्याखालीही पाकळी. तिसऱ्याखालीही.

"आधी पाकळ्या गळल्या, मग त्यांच्यावर काच पडली," त्या म्हणाल्या. "आता बाहेर बघ."

बाहेरच्या खडीच्या वाटेवर काचांचा सडा होता. आतल्यापेक्षा कितीतरी जास्त.

"बाहेरून दगड मारला तर काच आत पडते. ही फोडलीय आतून. आणि कुलूप शाबूत. मॅक्रे, किल्ली कुठं असते?"

"संध्याकाळी घरात नेऊन देतो. दालनातल्या खुंटीवर."

मग त्या मागच्या भट्टीकडे वळल्या. काचघराला ऊब देणारे नळ त्या भट्टीतून निघायचे. भट्टी थंडगार. शेजारची कोळशाची कोठी रिकामी, झाडून लख्ख केलेली.

"कोळसा कुठं गेला?"

"संपला, बाईसाहेब."

"संप व्हायच्या आधी अँब्रोजनं कोठी गच्च भरून घेतली होती. तू माझ्यादेखत उतरवून घेतलास."

"संपला."

"मॅक्रे, मी तुला आजकाल ओळखत नाही."

"बाईसाहेब, मी शब्द दिलाय. दिलेला शब्द मी मोडत नसतो."

"कुणाला दिलास?"

त्यानं मान हलवली. खाणीतला दगड बोलेल, पण हा बोलायचा नाही, असा चेहरा.

मी वाकून कोठीच्या कोपऱ्यात बघत होते. फळीच्या फटीत एक तुकडा अडकून राहिला होता. काढून हातात घेतला. करडा, हलका, जाळीदार. बुधवारपासून मी हेच तुकडे शेगडीत टाकत होते.

"बाई," मी म्हटलं, "हा कोळसा आमच्या शाळेत जळतोय."

मिस होनोरियांनी सावकाश मान वळवली. पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत मला संशय दिसला.

"तू आणलास?"

"तिचा काडीचा संबंध नाही!" मॅक्रे एकदम ओरडला. मग आपल्याच आवाजाला दचकून त्यानं टोपी काढली. "या पोरीला काही माहीत नव्हतं. पण मला पुढचं विचारू नका. देवासाठी विचारू नका."

४

"मला जायचं नाही," मी म्हणत होते. "सर अँब्रोज मला हाकलून देतील."

"अँब्रोज प्रचारातून अजून परतायचाय. आणि तू माझी पाहुणी आहेस. चहाला पाहुणी आणायला मला कुणाची परवानगी लागत नाही. हॉबडेलाही बोलावलंय मी. येईल तो, केक म्हटलं की येतो."

दिवाणखान्यात शेगडी मंद जळत होती. लेडी लिडन तिच्याजवळ बसल्या होत्या, चेहरा कागदासारखा पांढरा. मिस्टर स्ट्राउड खिडकीत उभे. गुळगुळीत भांग, गुळगुळीत आवाज, चेहऱ्यावर सदा हसू.

"मिस ब्रॅमवेल!" ते म्हणाले. "या, या. या खोलीत अजून काही काचा शाबूत आहेत. आम्ही मोजून ठेवल्यात बरं का."

"मोजता येत असेल तर मतंही मोजून ठेवा," मिस होनोरिया म्हणाल्या. "कमी पडतील." मग त्या भावजयीकडे वळल्या. "सिबिल, चहा ओत. मिस्टर स्ट्राउड, तुम्हीच त्या बाईला पळताना पाहिलंत ना? मला नीट सांगा तरी. हॉबडेला अर्धंच कळतं."

सार्जंट हॉबडे नुकतेच येऊन खुर्चीच्या काठावर टेकले होते. त्यांनी तोंडातला केक घाईनं गिळला.

"सांगण्यासारखं काय आहे?" स्ट्राउड म्हणाले. "पहाटेपूर्वी काचांच्या आवाजानं जाग आली. खिडकीतून बघतो तर एक बाई हिरवळ ओलांडून पळतेय. चांगलीच ठळक दिसली. हिमानं हिरवळ पांढरीशुभ्र झाली होती ना, त्यावर काळी आकृती. तेच हिव आत शिरलं नि बिचारी फुलं गेली."

"अगं बाई!" मिस होनोरिया म्हणाल्या, आणि केकची बशी त्यांच्यापुढं केली. बस्स, एवढंच. मला मात्र ओरडावंसं वाटत होतं.

मग लेडी लिडन बोलल्या. इतक्या हळू, की मला पुढं वाकावं लागलं.

"मिस ब्रॅमवेल, तुमच्या वर्गातली मुलं... आता नाही ना गारठत?"

शाळेतल्या कोळशाचा विषय कुणी काढलाच नव्हता, आणि तो याच घरातून गेला हे आम्हा दोघींनाच कळलं होतं. मिस होनोरियांनी कप खाली ठेवला.

"सिबिल," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात मी कधी न ऐकलेली माया होती. "सिबिल, तू."

त्याच क्षणी दार धाडकन उघडलं. सर अँब्रोज उभे होते, चिखलाच्या बुटांसकट.

"ही बाई," त्यांनी माझ्याकडे बोट केलं, "माझ्या घरात?" मी दचकून उभी राहिले.

५

"टोपी काढ आणि बस, अँब्रोज," मिस होनोरिया म्हणाल्या.

"होनोरिया, तुला वेड लागलंय का? हिनं माझी..."

"बस म्हणते ना!"

आणि नवल म्हणजे ते बसले. लहानपणीची सवय असावी.

"इथं दोन गोष्टी घडल्यात," मिस होनोरियांनी सुरुवात केली. "दोन वेगळ्या रात्री, दोन वेगळ्या माणसांच्या हातून. आपण त्यांची एकच गोष्ट केली, म्हणून फसलो. पहिली बुधवारी रात्रीची. भट्टी विझली, हिव पडलं, फुलं मेली. भट्टी का विझली? कोठीत कोळसा नव्हता म्हणून. कोळसा कुठं गेला? शाळेत. मॅक्रेनं तो कुणाच्या तरी हुकमानं नेऊन टाकला आणि तोंड शिवून घेतलं. मॅक्रेला हुकूम देऊ शकणारी माणसं दोन. त्यातलं एक बाहेरगावी होतं."

"मी दिला कोळसा, अँब्रोज."

लेडी लिडन उभ्या राहिल्या होत्या. शेगडीवरच्या फळीला धरून.

"सोमवारी सभेत ही बोलली ना, तेव्हापासून मला झोप नव्हती. आपल्या आर्थरच्याच वयाची असतील ती मुलं. तोही असाच गारठून गेला, छातीत कफ होऊन. तू त्यानंतर ती फुलं आणलीस. मी कधी काही म्हटलं नाही, अँब्रोज, तुला त्यांच्यावाचून दुसरं काही नव्हतं. पण मुलांना गारठवून फुलं जगवायची हे मला सोसवेना. मॅक्रे म्हणाला, थोडा कोळसा ठेवा. पण तेव्हा हिव पडत नव्हतं. मला वाटलं, निभेल. गुरुवारी सकाळी त्यानं मला नेऊन दाखवलं. सगळं काळं."

आर्थरच्या नावानं सर अँब्रोजचा चेहरा कसनुसा झाला होता.

"मला तुझी भीती वाटली," त्या पुढं म्हणाल्या. "तुला कसं सांगावं म्हणून मी मिस्टर स्ट्राउडना विचारलं. ते म्हणाले, 'माझ्यावर सोपवा.' आणि दुसऱ्या सकाळी काचा फुटलेल्या. मला तेव्हाच कळलं. आणि मी गप्प बसले." त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्ही तुरुंगात जाणार होतात आणि मी गप्प बसले. मला क्षमा करा म्हणायची सुद्धा मला लाज वाटते."

मी म्हटलं, "लेडी लिडन, मुलं रोज तुमच्यासाठी प्रार्थना करतात. तुमचं नाव माहीत नाही म्हणून, 'कोळसा देणारा' म्हणतात." त्या हसल्या आणि रडल्या, दोन्ही एकदम.

"हे सगळं हृदयद्रावक आहे," स्ट्राउड म्हणाले, "पण काचा मी फोडल्या याला पुरावा काय?"

"दुसरी गोष्ट," मिस होनोरिया शांतपणे म्हणाल्या. "काच आतून फुटली, म्हणजे किल्ली हवी. किल्ली दालनात. मोजाही दालनात राहिलेला, आणि तो हिचा आहे हे दारातून हिला बघितलेल्या माणसालाच ठाऊक. मग ती फीत. हिल्डाची संस्था लाल-पांढरी-हिरवी. जांभळी फीत लावणाऱ्या निराळ्या. दोघींमध्ये हाडवैर नसलं तरी एकीनं दुसरीची फीत कधी बांधली नसती. मला हे माहीत आहे, कारण मी दोघींच्याही विरुद्ध भाषणं करते. हे करणाऱ्याला तो फरक ठाऊक नव्हता. त्याच्या दृष्टीनं बाई म्हणजे बाई."

"तर्क आहेत नुसते."

"आणि शेवटचं. तुम्हाला त्या रात्री हिमानं पांढरी झालेली हिरवळ दिसली."

स्ट्राउड उत्तर द्यायच्या आत खुर्ची करकरली. सार्जंट हॉबडे उठले होते, मिशीला केकचे कण.

"साहेब, हिमाचं तुम्ही मला नव्हतं सांगितलं," ते सावकाश म्हणाले. "त्या रात्री गस्तीवर मी होतो. सकाळी बूट पिळले तर बादलीभर पाणी निघालं. पांढरं काय, मला माझं नाक दिसत नव्हतं पावसात."

स्ट्राउडच्या चेहऱ्यावरचं हसू आता कुठं पुसलं गेलं. ते सर अँब्रोजकडे वळले.

"मी तुमच्यासाठी केलं! उमेदवाराची बायको विरोधकाच्या टोमण्यानं नवऱ्याचा कोळसा वाटते, हे बाहेर फुटलं असतं तर हसं झालं असतं तुमचं. उलट आज सगळं गाव तुमच्यासाठी हळहळतंय. कुणाचं काय बिघडलं? एका मास्तरणीचं! तिला मतही नाही. सर अँब्रोज, फक्त गुरुवारपर्यंत गप्प बसा, मतदान होऊ द्या. ही निवडणूक तुमची आहे."

आम्ही सगळे सर अँब्रोजकडे बघत राहिलो. संसदेत जायचं त्यांचं आयुष्यभराचं स्वप्न होतं. त्यांनी आधी बायकोकडे पाहिलं, मग बहिणीकडे, मग माझ्याकडे. आणि उठले.

६

त्यांनी स्वतः जाऊन दिवाणखान्याचं दार उघडलं.

"सार्जंट," ते म्हणाले, "या गृहस्थांना घेऊन जा. आणि मिस ब्रॅमवेल, मी आल्यापासून तुम्ही उभ्याच आहात. बसा. तुमचा चहा निवला असेल."

सोमवारी मॅजिस्ट्रेटांपुढं ते स्वतः हजर झाले आणि माझं नाव धुऊन निघालं. संध्याकाळी त्यांची शेवटची सभा होती. व्यासपीठावर उभं राहून त्यांनी काही न लपवता सगळं सांगितलं. "माझ्या माणसानं एका निरपराध बाईवर आळ घेतला. माझ्या बायकोनं मात्र माझी फुलं गारठवून तुमची पोरं शेकवली. मला तिचा अभिमान वाटतो." सभेत कुणीतरी ओरडलं, "मग तिलाच उभं करा की!" सगळे हसले. या खेपेला सर अँब्रोजही हसले.

ते निवडणूक हरले. थोडक्यात हरले, पण हरले. ज्यांना नवऱ्यानं बायकोच्या नादी लागलेलं आवडत नाही अशांची मतं एल्डरफर्डमध्ये पुष्कळ होती. पाद्रीसाहेब मला शाळेत परत न्यायला स्वतः आले आणि सबंध रस्ताभर हवेबद्दल बोलत राहिले. त्या वसंतात लेडी लिडन आणि सर अँब्रोज हातात हात घालून बागेत फिरताना दिसू लागले. मॅक्रे सांगायचा, कित्येक वर्षांत असं बघितलं नव्हतं.

मी मिस होनोरियांचे आभार मानायला गेले, तर त्यांनी मला पुरतं बोलूही दिलं नाही.

"आभार कसले मानतेस? पुढच्या आठवड्यात तुझ्या मंडळाविरुद्ध माझं भाषण आहे. पहिल्या रांगेत बस. आणि मधे मधे बोलू नकोस."

मी पहिल्या रांगेत बसले. मधे मधे बोललेच. त्यांनी माझी सालटी काढली. माझ्या आयुष्यातल्या सुंदर संध्याकाळींपैकी ती एक होती.

मग युद्ध आलं. गावातली कितीतरी पोरं गेली, माझ्या वर्गात पाढे म्हटलेली सुद्धा. आणि युद्ध संपता संपता तिशी ओलांडलेल्या आणि घर चालवणाऱ्या बायकांना मत मिळालं. म्हणजे मला, आणि मिस होनोरियांनाही, त्यांना हवं असो वा नसो.

मतदानाच्या दिवशी डिसेंबरचा चिखल होता. माझ्या दारात घोडागाडी थांबली. आत मिस होनोरिया, आता चांगल्याच थकलेल्या, गुडघ्यावर घोंगडी घेऊन.

"तुम्ही मत देणार?" मी चकित होऊन विचारलं. "तुम्ही तर..."

"कायदा झालाय. कायदा मला पटत नाही, पण झाल्यावर मी तो पाळते. चढ. तू कुणाला देणार ते मला माहीत आहे, म्हणून मी दुसऱ्याला देणार. म्हणजे तुझं मत माझ्या मताला खाऊन टाकणार."

"मग दोघी घरी बसलो तरी निकाल तोच की!"

"तेवढी अक्कल मलाही आहे. चढ म्हणते ना."

त्या आधी आत गेल्या. लाकडी आडोशामागे इतका वेळ थांबल्या, की टेबलावरचा कारकून दोनदा खाकरला. मला वाटलं, भोवळ तर आली नाही? मग त्या बाहेर आल्या, घडी घातलेला कागद पेटीत टाकला, काठी टेकत माझ्यापाशी आल्या. त्यांचे डोळे ओले होते.

"पेन्सिल बोथट ठेवतात मेले," त्या म्हणाल्या.

मी त्यांचा हात हातात घेतला. गेली सहा वर्षं जे त्यांनी मला कधी बोलूच दिलं नव्हतं, ते सगळं मी त्या हातात घट्ट धरून ठेवलं. त्यांनी तो काढून घेतला नाही.